तिसऱ्या रांगेतली पाचवी

३ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ७.

आजपासून रोजनिशी. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासतो (पाण्याच्या मीटरचा विभाग, मी पर्यवेक्षक, हाताखाली चार माणसं), मग स्वतःच्या का ठेवू नयेत? ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे यात सगळं खरं लिहिणार.

पहिली नोंद महत्त्वाची. ही, म्हणजे बायको, टीव्हीवर येणार आहे. रविवार, २३ तारीख, संध्याकाळी पाच. थेट प्रक्षेपण. ही दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसते आणि गेली चार वर्षं दर गुरुवारी तिथून सुटली की कुठल्याशा समूहगानाला जाते. माझी कल्पना अशी होती की आठदहा बायका जमतात, गातात, घरी येतात. प्रत्यक्षात साठ माणसं आहेत. पुरुषसुद्धा. वर वाद्यवृंद आहे, आणि आता मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. मी म्हटलं, हे मला कधी सांगितलंस? ही म्हणाली, चार वेळा. असेल.

हिची जागा तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवी. साध्या चॅनेलवर मागच्या रांगांतले चेहरे म्हणजे नुसते ठिपके दिसतात, एच.डी. चॅनेलवर मात्र नाकडोळे कळतात, असं त्यांना गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. मग हिने विचारलं, अहो, आपल्या टीव्हीवर एच.डी. दिसतं का?

मी म्हटलं, अर्थात दिसतं.

ही म्हणाली, नक्की ना? बाकी कुणी नाही बघितलं तरी चालेल, पण तुम्ही मला बघायला हवं.

ठराव: एच.डी. दिसतं की नाही हे एकदा बघून घेणे. दहा मिनिटांचं काम.

४ ऑक्टोबर, मंगळवार.

दहा मिनिटं मिळाली नाहीत.

५ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ७.२०.

प्रकरण निकाली. टीव्हीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात स्टिकर आहे: 'एच.डी. रेडी'. सहा वर्षं मी तो काढू दिलेला नाही. याच्या कडा सुटल्यात, धूळ धरते, असं ही दर महिन्याला म्हणते. माझी दूरदृष्टी आज उपयोगी पडली. रेडी म्हणजे तयार. तयार म्हणजे झालेलं. जेवण तयार आहे म्हटलं की माणूस हात धुऊन बसतो, शिजलंय का असं विचारत नाही.

संध्याकाळी. हिला वरील खुलासा केला. ही म्हणाली, तुम्ही आतून 'मी तयार आहे' असं ओरडता तेव्हा तुमची आंघोळ व्हायची असते. मी सांगितलं की हा मुद्दा विषयाला सोडून आहे. तरी ही म्हणाली, एकदा भावोजींना विचारा ना, त्यांना कळतं त्यातलं.

भावोजी म्हणजे माझा साडू, हिच्या ताईचा नवरा. चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना अस्पष्ट दिसतंय असं पटवायचं काम, त्यामुळे घरीही तसाच वागतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच महिन्यात टीव्ही घेतले तेव्हा त्याने मला चारचौघांत विचारलं होतं, तुमचा एच.डी. आहे का? मी हो म्हटलं. ते खोटं बोलणं नव्हतं. माहिती नसताना दिलेलं उत्तर होतं, आणि ते खरं ठरण्याची शक्यता होतीच. आता त्यालाच जाऊन विचारायचं म्हणजे सहा वर्षं पाण्यात.

६ ऑक्टोबर, गुरुवार.

ही गाण्याला गेली. मी एकटाच होतो तेव्हा प्रत्यक्ष चाचणी घेतली. बातम्यांचं चॅनेल चाळीस मिनिटं जवळून पाहिलं. बातम्या देणाऱ्याच्या दाढीचे केस सुटे सुटे दिसले नाहीत. पण काही दाढ्या मुळातच तशा असतात. डोळे दुखले. निष्कर्ष राखून ठेवला.

८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ४.

आलं! एच.डी. आलं! मी टीव्ही लावला आणि थक्क झालो. रंग असे की बघत राहावं. बातम्या देणाऱ्या बाईच्या गळ्यातल्या साखळीच्या कड्या दिसतात. काय झालं असावं? बहुधा त्यांनी तिकडून सुरू केलं. टीव्ही तयार होताच, फक्त पलीकडून यायचं राहिलं होतं.

साडूला तडक मेसेज टाकला: आमच्याकडे एच.डी. जबरदस्त. त्याने नुसता अंगठा पाठवला. नाकाला मिरच्या झोंबल्या असणार.

९ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी साडूचा फोन. तेवीस तारखेला आमच्याकडे या म्हणाला. नवीन टीव्ही घेतलाय, भिंतभर आहे, एच.डी.च्या पुढचा आहे, सगळे मिळून बघू, तुमची मेव्हणी तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाही. मी म्हटलं, आभारी आहे, पण आमचाही एच.डी. आहे आणि बायकोचं गाणं माणसाने आपल्या घरात बसून बघावं. हे वाक्य मला अचानक सुचलं. छान होतं. तो म्हणाला, बरं, जशी तुमची मर्जी.

दुपारी. ही म्हणाली, काल सकाळी मी टीव्हीची काच पुसली. सहा महिन्यांची धूळ होती. फडकं काळं झालं. टीव्ही कसा छान दिसतोय ना?

साडूला पुन्हा फोन करून येतो म्हणणं आता शक्य नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार.

काही लिहावंसं वाटत नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार.

पद्धतशीर जायचं ठरवलं. टीव्हीचा मॉडेल नंबर मिळवायचा आणि दुकानात जाऊन विचारायचं. नंबर टीव्हीच्या पाठीवर असतो. इथे एक छोटी अडचण आहे.

टीव्ही कपाटात बसवलेला आहे. कपाट मी खास करून घेतलं. सुतार म्हणत होता, साहेब, बाजूला चार बोटं जागा सोडू, उद्या वायर काढायची झाली तर हात जायला हवा. मी म्हटलं, एक सूतभरसुद्धा फट नको, टीव्ही भिंतीतून उगवल्यासारखा दिसला पाहिजे. हीसुद्धा तेव्हा सुताराच्या बाजूने बोलली होती. मी दोघांनाही गप्प केलं. सुताराने उष्णता बाहेर पडायला म्हणून वर दोन बोटं फट मात्र माझ्या नकळत ठेवली. टीव्ही आता बाहेर काढायचा तर कपाटच उकलावं लागेल, आणि कपाट उकललं की ही काहीच बोलणार नाही. तेच मला नको आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ६.४०.

हिच्या पर्समधला छोटा आरसा, ऑफिसची फूटपट्टी, चिकटपट्टी. वरच्या फटीतून आत सोडलं. अकराव्या प्रयत्नाला टीव्हीच्या पाठीवरचं लेबल दिसलं आणि मी सगळा नंबर उतरवून घेतला. एक अक्षर जरा परकीय लिपीतलं वाटलं. यंत्रं बाहेरून येतात, तेव्हा असायचंच.

आरसा आतच पडला. हिला उद्या नवीन आणून देईन.

१३ ऑक्टोबर, गुरुवार.

ऑफिस सुटल्यावर दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंना नंबर दिला. त्यांनी संगणकावर शोधला, म्हणाल्या, असं मॉडेल नाही. मी म्हटलं, आहे, माझ्या घरात आहे. त्यांनी चिठ्ठी दिव्यासमोर धरली, उलटी केली, मागच्या बाजूने वाचली आणि विचारलं, काका, हे आरशात बघून लिहिलंत का? शेजारी फ्रिज बघत असलेलं जोडपं हसलं. मी म्हटलं, मुद्दाम तसं लिहिलं, नंबर कुणाच्या हाती लागू नये म्हणून. बाई बऱ्या होत्या, हसल्या नाहीत, म्हणजे तोंड फिरवून हसल्या.

पण निकाल माझ्या बाजूने! त्या म्हणाल्या, हा एच.डी. रेडी आहे. हेच मी पाच तारखेपासून म्हणतोय. त्या पुढे काहीतरी बॉक्सबद्दल सांगत होत्या, पण जोडपं अजून बघत होतं म्हणून मी निघालो.

आरसा आणायचा राहिला.

१५ ऑक्टोबर, शनिवार.

रिमोटवर एच.डी. चॅनेलचा नंबर दाबला. पडदा निळा. वर लिहून आलं: 'ही सेवा उपलब्ध नाही'. मला वाटलं चॅनेल बंद असेल. दिवसभरात चौदा वेळा दाबलं. संध्याकाळी नाइलाजाने केबलवाल्याला बोलावलं. ही बाजारात गेली होती ती वेळ साधून.

केबलवाला साठीचा, शांत माणूस. सगळं बघून म्हणाला, टीव्ही दाखवू शकतो हो, पण तुमचा बॉक्स जुना आहे, तो एच.डी. घेतच नाही. मी स्टिकर दाखवला. तो म्हणाला, रेडी म्हणजे तयार. मी म्हटलं, तेच तर! तो म्हणाला, अहो साहेब, नवरदेव तयार आहे म्हणजे लग्न झालं का? नवरी कुठाय?

मी जेवणाचा दृष्टान्त दिला. तो म्हणाला, तयार टीव्हीला एच.डी.चा बॉक्स लागतो आणि टीव्हीच्या पाठीमागे नवी वायर जोडावी लागते. मग कपाटाकडे बघून म्हणाला, हे कुणी केलं? मी म्हटलं, सुताराने.

बॉक्स पुढच्या शनिवारी आणून देतो म्हणाला. आणि सुताराला बोलावून ठेवा. मी म्हटलं, नको, जोडणी माझी मी करीन, मी स्वतः यंत्रांच्या विभागात आहे. (मीटर मी स्वतः कधी उघडलेला नाही. पण ज्यांनी उघडले त्यांच्या नोंदी पंचवीस वर्षं तपासल्यात.)

१६ ऑक्टोबर, रविवार.

ही हल्ली न्हाणीघरात एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते. साठ माणसं एकदम गातात त्यात एका ओळीचा एवढा सराव कशाला, कळत नाही. टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही असं मी दारावर टकटक करून सांगितलं. हळू म्हणायला लागली.

१८ ऑक्टोबर, मंगळवार.

टीव्हीची माहितीपुस्तिका सापडली. वाचत होतो. ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, अहो, रविवारचं थोडं बदललंय. मी बोटानेच थांब म्हटलं, कारण पान सतरावर पाठीमागच्या भागाची आकृती होती. ही जरा वेळ थांबली. मग म्हणाली, एकदा म्हणून दाखवू का तुम्हाला? मी म्हटलं, आत्ता नको, मी थेट एच.डी.तच ऐकणार, त्याची मजा घालवू नको. ही हसली. म्हणाली, बरं, जाऊ दे, बघालच.

कार्यक्रमाची वेळ बदलली की काय असं वाटून पेपरात पाहिलं. पाचच आहे.

२० ऑक्टोबर, गुरुवार.

ही उशिरा आली. घसा बसू नये म्हणून गरम पाणी पीत होती आणि बोलत नव्हती. घरात शांतता. मी पान सतरा पाठ केलं.

ठराव: हे सगळं पार पडलं की एखाद्या गुरुवारी हिच्या सरावाला जाऊन बसायचं. चार वर्षं जमलं नाही. एकदा पाऊस होता, एकदा पाय दुखत होता, बाकीच्या वेळी काही ना काही होतंच.

२२ ऑक्टोबर, शनिवार.

बॉक्स आला. लहान, काळा, देखणा. केबलवाल्याने जाताना पुन्हा विचारलं, सुतार? मी म्हटलं, बघू. त्याने सांगितलं की कपाटाच्या डाव्या बाजूची लाकडी पट्टी दोन स्क्रूंवर आहे, ती काढलीत तर हात जाईल, डोकं जाणार नाही. मी म्हटलं, डोक्याची गरज नाही. तो म्हणाला, ते दिसतंच आहे. याचा अर्थ काय, यावर मी बराच वेळ विचार केला.

जोडणी आज करायची होती. पण ही दिवसभर घरात होती. उद्या ही बारालाच जाणार. म्हणजे माझ्याकडे पाच तास. पान सतराप्रमाणे काम पाच मिनिटांचं.

२३ ऑक्टोबर, रविवार.

दुपारी १२.१०. ही गेली. निळा पोशाख, सगळ्यांचा सारखा. जिन्यातून परत आली. मला वाटलं काही विसरली. म्हणाली, पाचच्या आधीच बसा हं, अगदी पहिल्यापासून बघा. हात थंडगार होते हिचे. मी म्हटलं, काही काळजी करू नकोस, सगळं तयार आहे.

१२.४०. जेवलो. आधी जरा पडतो.

३.५०. डोळा लागला होता.

४.१०. स्क्रूड्रायव्हर नाही. सगळे खण पाहिले. शेवटी पावाला लोणी लावायची सुरी घेतली.

४.३३. पट्टी निघाली. सुरीही वाकली. फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. पान सतरावरच्या आकृतीत हे सगळं बरंच सरळ दिसत होतं.

४.३६. मोबाइल आत पडला. उजेड आत आहे, मी बाहेर.

४.४२. मोबाइल वाजतोय. हिचीच रिंग. हात पोचत नाही.

४.५०. पुन्हा वाजला, बराच वेळ. किल्ली नेली नसेल. घरी आल्यावर मी आहेच की दार उघडायला.

५.००. सुरू झालं! सध्या साध्या चॅनेलवर. बाई म्हणाल्या होत्या तसंच, मागे नुसते ठिपके. तिसरी रांग, डावीकडून मोजलं. पाचवा ठिपका टकला आहे. पुन्हा मोजलं. टकलाच. साध्या चॅनेलचा हाच दोष. यावर काही भरवसा ठेवता येत नाही. एच.डी.शिवाय गत्यंतर नाही.

५.०४. जोडणीस प्रारंभ.

६.०५. मधली नोंद वेळेवर करता आली नाही, कारण उजवा हात कपाटात होता. आता सविस्तर.

हात खांद्यापर्यंत आत घातला. तेवढ्यासाठी गाल कपाटाच्या बाजूला टेकावा लागला आणि तोंड भिंतीकडे आलं. समोर विजेचं बटण आणि पोपडा निघालेला रंग. पडदा माझ्या डोक्यामागे. त्याचा उजेड तेवढा भिंतीवर हलताना दिसे. केबलचं टोक हातात, भोक सापडेना. काढून बघू म्हटलं तर हात निघेना. घड्याळाचा पट्टा आत कुठल्यातरी लोखंडी पट्टीत अडकला होता. डाव्या हाताने सोडवावं तर डावा हात तिथे पोचत नाही. ओरडावं तर शेजारी ऐकणार, येणार, आणि मग साडूपर्यंत जाणार. मी तसाच उभा राहिलो. घामाने गाल लाकडाला चिकटला. माझ्याच घरात, माझ्याच कपाटाने मला धरून ठेवलं होतं, आणि मागे हिचा कार्यक्रम चालू होता.

ऐकू मात्र छान येत होतं, कारण स्पीकर कानाशीच होता. साठ जण गात होते ते मध्येच एकदम थांबले. मग एका बाईचा एकटीचा आवाज आला. मोठा नव्हता. पहिल्या ओळीला थोडा कापला, मग सावरला, आणि मग वर गेला तो जातच राहिला. ओळ कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. लोकप्रिय गाणं असावं. बाई बरी गात होती. मी दोन मिनिटं भोक शोधायचं थांबलो होतो, पण मग वेळ जातोय हे लक्षात आलं. लोकांनी टाळ्या इतक्या वाजवल्या की केबल बसताना टक असा आवाज होतो तो मला ऐकूच आला नाही.

५.५१ ला पट्टा तुटला आणि हात निघाला. घड्याळ आत राहिलं, मोबाइल निघाला. बॉक्स लावला. नंबर दाबला.

एच.डी. आलं. या वेळी खरोखरच. काय सांगू! रिकामा रंगमंच, रिकाम्या खुर्च्या. दोन माणसं खुर्च्या मिटत होती. एका खुर्चीखाली कुणाचा तरी रुमाल राहिला होता, त्याची शिवणसुद्धा दिसली.

निष्कर्ष: आपल्या टीव्हीवर एच.डी. दिसतं. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.

८.१५. ही आली. हातात फुलांचा मोठा गुच्छ. साठही जणांना दिले असावेत. दारातच विचारलं, बघितलंत?

आता ह्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती आणि दुसरं फार लांबलचक होतं. मी म्हटलं, बघितलं. पहिल्यापासून. एच.डी.त.

ही म्हणाली, मी दिसले?

मी म्हटलं, म्हणजे काय? तिसऱ्या रांगेत पाचवी. ओठ हलताना दिसत होते.

ही म्हणाली, तिसऱ्या रांगेत?

मी म्हटलं, हो तर. शेवटपर्यंत. जागेवरून तसूभर हलली नाहीस.

ही बरं म्हणाली. मग फुलं बादलीत ठेवली आणि कपडे बदलायला गेली. दमली असेल. जोडणी मी एकट्याने कशी केली ते सांगायचं राहून गेलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १२.

ऑफिसात साडूचा फोन आला. नेहमीसारखा बोलत नव्हता. म्हणाला, काय गायल्या हो! एकटीने गाणारी बाई आठ-दहा दिवस आधी आजारी पडली म्हणून ह्यांना पुढे केलं, असं तुमची मेव्हणी म्हणत होती. एकट्या, अगदी समोर, तीन मिनिटं. कॅमेरा चेहऱ्यावरून हलला नाही. पहिल्या ओळीला आवाज कापला तेव्हा आमच्या घरात कुणी श्वास घेतला नाही. तुमची मेव्हणी रडली. मीही, खरं सांगायचं तर. साध्या चॅनेलवरसुद्धा त्या स्पष्ट दिसत होत्या म्हणे, आमच्या शेजाऱ्यांनी तसंच बघितलं. तुम्हाला कसं वाटलं?

मी म्हटलं, बरं वाटलं.

तो म्हणाला, तुम्ही इतके शांत कसे हो?

२४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.

दुपारनंतर एकही नोंद तपासली नाही. चारही माणसांना लवकर सोडलं.

'बाई बरी गात होती.' हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, एक पान मागे. तीस वर्षं एका घरात राहून मला हिचा आवाज ओळखू आला नाही. आणि मग मी हिला तोंडावर सांगितलं की तू जागेवरून हलली नाहीस. मला लाज वाटते. दुसरा कुठलाही शब्द नाही.

ठराव: आज घरी गेल्या गेल्या सगळं खरं सांगणे.

२५ ऑक्टोबर, मंगळवार.

काल सांगितलं नाही. ही भाजी चिरत होती आणि हातात सुरी असताना माणसाचं लक्ष विचलित करू नये. आज सांगणार होतो, तर हिच्या दवाखान्यातल्या बाईचा फोन आला. अभिनंदनाचा असावा. ही म्हणाली, हो, ह्यांनी बघितलं ना, पहिल्यापासून. आणि हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

ही रागावलेली नाही. चहा वेळेवर. डबा वेळेवर. आरशाबद्दलही काही विचारलं नाही, नवीन स्वतःच घेऊन आली. भांडली असती तर फार बरं झालं असतं. भांडणात मला शिरायला कुठेतरी जागा मिळाली असती.

न्हाणीघरात आता गात नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार.

मोबाइलवर शोधलं. कार्यक्रमाची दोन मिनिटांची झलक आहे. त्यात कार्यक्रमाचे अध्यक्ष बोलतात. तीन वेळा बघितली.

साडूने रेकॉर्ड केलं असेल का? विचारायचं तर कारण सांगावं लागेल. नको.

२७ ऑक्टोबर, गुरुवार.

सुटलो! पेपरात आहे: पुनःप्रक्षेपण, शनिवारी दुपारी चार. एच.डी.वर!

योजना: पावणेचारला टीव्ही लावून बसायचं. हिला म्हणायचं, चल, पुन्हा एकदा बघू. हिचं गाणं सुरू झालं की मी सांगणार, सगळं, कपाट, घड्याळ, हात, सगळं. समोर हिचा चेहरा असला की मला सांगता येईल. मग ही रागावेल, आणि मग हसेल. नक्की हसेल. आरशाचं कळल्यावर तर हसेलच.

ही आज सरावाला गेली. मी बरोबर येऊ का असं विचारणार होतो. पण शनिवारनंतर जावं, म्हणजे सगळं स्वच्छ असेल.

२९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ५.१५.

पावणेचारला बसलो. बॉक्स चालू, चॅनेल बरोबर, काच मी स्वतः पुसली. ही आतून आली आणि शेजारी बसली. मी म्हणायला तोंड उघडलं तोच हिने रिमोट उचलला. म्हणाली, तुम्ही तर सगळं बघितलंय, अगदी शेवटपर्यंत. परत तेच कशाला? दुसरं काहीतरी लावते. चालेल ना?

मला चालेल म्हणावं लागलं.

कासवांवर काहीतरी लागलं होतं. चार वाजून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गेल्या रविवारी साधारण एवढ्याच वेळाने साठ जण थांबले होते. दोन चॅनेल पलीकडे ही गात होती आणि इथे ही माझ्या शेजारी बसून कासव बघत होती. मला ते बघायचं होतं. इतकं काही बघावंसं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. हात रिमोटपासून वीतभर अंतरावर होता आणि उचलता येत नव्हता.

कासवाने मान बाहेर काढली. मानेवरची एकेक सुरकुती मोजता येत होती. ही म्हणाली, काय स्पष्ट दिसतं, नाही हो, आपल्या टीव्हीवर?

मी म्हटलं, हो. फारच स्पष्ट.